जुन्या तुळईच्या शोधांत

गेल्या श्रावणांत आमच्या वाईच्या घरीं माजघराची मधली तुळई वाकली. रात्रीं कड्यांमधून माती गळूं लागली, तेव्हां मुलांना उचलून ओसरीवर निजविलें आणि सकाळीं तुळईस टेकू दिले. पावसाळा टेकूंवर निभावला. दिवाळी झाल्यावर घरांतील सर्व मंडळी एकत्र बसली आणि माजघर उतरून पुन्हां उभारावें असें ठरलें. सिमेंटचा स्लॅब घालावा, असें पुतण्याचें म्हणणें. भिंती दगडमातीच्या, त्यांच्यावर तो भार नको, लांकडाच्या जागीं लांकूडच हवें, असें सुताराचें म्हणणें. अखेर सुताराचें म्हणणें मान्य झालें. परंतु लांकूड कोणतें? वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागांत पक्का गाभा थोडा व सालीलगतचा पांढरा भाग फार. ब्रह्मदेशानें तर २०१४ सालीं ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तेव्हां उतरलेल्या वाड्यांचा जुना साग पहावा, म्हणून मी पुण्यास जावयाचें ठरविलें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मोडलेल्या घराचें लांकूड आपल्या घरांत आणूं नये म्हणतात. कोणाच्या घरीं काय घडलें असेल, आपल्याला काय ठाऊक?”

मी गप्प राहिलों. त्यांच्या शंकेपेक्षां माझ्या मनांतील शल्य निराळें होतें. सदाशिव पेठेंतील आमचा वडिलोपार्जित वाडा २००९ सालीं उतरविला. करारपत्रांत एक ओळ होती : मोडतोडीचें सर्व सामान उतरविणाराचें. तें पत्र सर्वांना मींच मोठ्यानें वाचून दाखविलें आणि पहिली सहीही मींच केली. जन्मभर मुलांना समास सोडवावयास शिकविले, पण त्या एका ओळीचा विग्रह मला करतां आला नाहीं. दोन मजल्यांचा साग आठवड्याभरांत मालमोटारींतून गेला. त्याची साधी यादीसुद्धां आम्हीं केली नव्हती.

बरोबर आमचा सुतार होता. हा माझा सातवीचा विद्यार्थी. वर्गांत त्याला शब्दरूपें कधीं पाठ झालीं नाहींत. खंबाटकीचा घाट ओलांडून एस्. टी.नें आम्ही स्वारगेटला उतरलों व तेथून भवानी पेठेंतील टिंबर मार्केटांत शिरलों. तेथें पाऊल ठेवल्यापासून तो गुरु आणि मी शिष्य.

तेथील हवेंतच लांकूड आहे. यांत्रिक करवतींचा कर्कश आवाज अखंड चालू, पायांखालीं भुसा, आणि नुकत्या कापलेल्या सागाचा कातड्यासारखा तेलकट वास. जुन्या मालाच्या वखारींत मात्र शांतता असते. एका भिंतीस नक्षीचे खांब टेकून उभे होते, दुसऱ्या भिंतीस दारें, पुस्तकें लावावीं तशीं, ओळीनें लावलेलीं. एका गणेशपट्टीवर कुंकवाचा डाग अजून स्पष्ट होता. नक्षीचें काम आधीं खपतें, तें उपाहारगृहांच्या व बंगल्यांच्या शोभेस जातें, असें वखारवाल्यानें सांगितलें. साध्या तुळया मागें राहतात आणि पुष्कळदां त्या चिरून त्यांच्या फळ्या होतात.

माझा हात नक्षीकडे गेला, तोंच सुतार म्हणाला, “गुरुजी, आपल्याला छत धरायचं आहे. चला मागं.”

मागील बाजूस त्यानें जी परीक्षा चालविली, ती प्रत्येक गृहस्थानें शिकून ठेवण्यासारखी आहे. प्रथम त्यानें पटाशीनें एक पातळ ढलपी काढली. वरून सर्व जुनें लांकूड काळेंच दिसतें. आंत सोनेरी-तपकिरी रंग व सागाचा वास मिळाला तरच तो साग, नाहीं तर ऐन किंवा किंजळ सागाच्या भावानें गळ्यांत पडावयाचा. मग तुळईच्या दोन्ही टोंकांकडे वळला. भिंतींत रुतलेलें टोंक ओल धरतें, म्हणून कूज तेथें आधीं लागते. तेथें पटाशी सहज रुतली तर तेवढा भाग गेला असें समजावें. नंतर हातोडीनें ठोकीत तो लांबीभर चालला. भरीव लांकूड खणखणीत बोलतें, पोकळ तेथें आवाज बसतो. किड्यांच्या भोंकांतून ताजी पिठी गळत असेल तर कीड जिवंत आहे. शेवटीं त्यानें खिशांतून लोहचुंबक काढून फिरविला, कारण आंत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचें पातें बिघडवितो. कुसवांचीं जुनीं भोंकें तर सर्वत्र असतातच. पण तुळईच्या मध्यावर, खालच्या अंगास मोठें भोंक असेल, तर ती भार पेलण्यास घेऊं नये.

त्यानंतर हिशेब. तो माझा विषय, म्हणून कागद मीं घेतला. एक तुळई १६ फूट लांब, १० इंच उंच व ८ इंच रुंद होती, म्हणजे जवळजवळ ९ घनफूट. दोन्ही टोंकांची दीड-दीड फूट कूज कापली आणि चारी अंगांनीं अर्धा-अर्धा इंच रंधला, तर हातीं १३ फूट, ९ इंच व ७ इंच राहतात. तें पावणेसहा घनफूटही भरत नाहीं. दाम मात्र नऊचे द्यावयाचे. म्हणजे बोललेला भाव प्रत्यक्षांत दीडपटीहून अधिक पडतो. नवा माल व जुना माल यांची तुलना या निव्वळ मापावरच केली पाहिजे.

म्हणून वखारवाल्यास तोंडीं न सांगतां आम्हीं यादी लिहून दिली : सागाचा पक्का गाभा; साफ केल्यावरचें निव्वळ माप; खिळे काढलेले; टोंकें निकोप लांकूड लागेपर्यंत कापलेलीं; मध्यावर खालून भोंक नको; कड्या शक्य तों एकाच वाड्याच्या, म्हणजे रंग व माप जुळेल. दारांवर जुना तैलरंग असल्यास त्यांत शिसें असूं शकतें, तो घरीं कोरडा खरवडावयाचा नाहीं व मुलांना जवळ येऊं द्यावयाचें नाहीं, हें मीं आपल्यासाठीं खालीं टिपून ठेवलें. यादी वाचून वखारवाला हंसला, पण मग त्यानें आंतील माल दाखविला.

त्या कड्यांत एकीस पाळण्याचा लोखंडी आंकडा होता. आंतून झिजून तो गुळगुळीत झालेला. किती मुलें त्याच्याखालीं निजलीं असतील! सुतार तो काढूं लागला, तेव्हां मीं त्याला थांबविलें. ही कडी चिरावयाची नव्हती. खरें सांगावयाचें तर सकाळपासून मी प्रत्येक ढिगांत आमच्या वाड्याची खूण शोधीत होतों. ती मिळाली नाहीं, आणि इतक्या वर्षांनीं मिळण्याचें कारणही नव्हतें.

परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून शनिवारवाड्यापर्यंत गेलों. १७३० सालीं त्याचा पाया घातला, आणि त्याचा साग जुन्नरच्या रानांतून आला. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक लांकूडकाम गेलें. आज दिसतात ते तट, दरवाजे व जोतीं. जोत्यांकडे पाहतां मनांत आलें, तेथें आगीपुढें कोणाचें चाललें नाहीं. आमच्या वाड्याला तर आगही लागली नव्हती.

घरीं येऊन मीं वराहमिहिराची बृहत्संहिता काढली. मूर्तीसाठीं रानांत लांकूड आणावयास जातांना कोणते वृक्ष वर्ज्य, याची त्यांत यादी आहे. स्मशानांतील, देवालयांतील वृक्ष वर्ज्य, तें श्रद्धेचें. पण वारुळाजवळचा, आपोआप पडलेला, उभा वाळलेला, अग्नीनें होरपळलेला, हेही वर्ज्य. हें तर माझ्या सुतारानें पटाशीनें सांगितलें होतें! वहिनींना तें वाचून दाखविलें. त्यांनीं ऐकून घेतलें, मग अंगणांत जाऊन उतरविलेला माल पाहिला. पाळण्याच्या आंकड्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, “तुळया, कड्या चालतील. उंबरठा मात्र नवा हवा.” मीं तें आनंदानें मान्य केलें.

वाचकांपैकीं ज्यांचे वाडे आतां उतरावयाचे असतील, त्यांना एकच विनंति. सही करण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या सुतारास घेऊन घरांतून एकदां वर पहात हिंडा. खांब, तुळया, कड्या, दारें मोजून यादी करा, ती करारास जोडा आणि लांकडाचें मोल वेगळें लिहून घ्या. जें नको असेल तें विका, पण काय विकलें हें जाणून विका. आमचें माजघर संक्रांतीस उभें राहिलें. तुळई पक्की आहे. परंतु ती दुसऱ्या कोणाच्या घरची आहे, आणि आमची कोठें आहे, हें मला सांगतां येत नाहीं.