बारा जणींतली जागा

नव्या शाळेत मूल रुळावं म्हणून मोठी माणसं त्याला सांभाळून घेतात. बाई पुढच्या बाकावर बसवतात, कुणाला तरी वह्या द्यायला सांगतात, मधल्या सुट्टीत डबा खायला कुणीतरी हाक मारतं. हे हवंच. पण नुसतं सांभाळून घेतलेलं मूल बरेच दिवस पाहुणंच राहतं, असं माझं मत आहे. त्याच्यावाचून कुणाचं तरी अडायला लागलं, की मग ते त्या शाळेचं होतं.

वडिलांची बदली झाली आणि आठवीत मी सांगली जिल्ह्यातल्या गावातून ठाण्याला आले. माझ्या बोलण्यातला तिकडचा हेल ऐकून वर्गात खुसखुस व्हायची. मी बोलणंच कमी केलं. मैदानावर फारसं बोलावं लागणार नाही, म्हणून खो-खोच्या सरावाला जायला लागले. तिथे तर सरांचा पहिला आग्रह हाच, की खो खणखणीत आवाजात द्यायचा, पंचांना ऐकू गेला पाहिजे.

बाहेरून बघणाऱ्याला हा पळापळीचा खेळ वाटतो. पाठलाग करणाऱ्या संघाच्या वाट्याला मात्र बसून राहणंच जास्त येतं. आठ जणी ओळीतल्या चौकांत बसतात, शेजारशेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना. नववी पाठलागावर. तिनं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून हवी तशी निसटते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाचे नियम बांधायला घेतले, पुढे ते बदलत गेले. आज जे टिकलेत त्यांत एकटीच्या वेगाला पक्की वेसण आहे. कितीही चपळ असा, खो दिल्यावाचून गत्यंतर नाही. आणि ज्या मुलीला खो मिळणार, तिला पाठीमागून कोण येतंय हे दिसत नसतं. थाप आणि आवाज एकदम आले की उठायचं, आधी उठलं तर फाऊल. वर्गात जिच्याशी धड ओळख नव्हती, तिच्या पावलांचा अंदाज मला मैदानावर येऊ लागला. तिलाही माझ्या आवाजाचा. त्यात हेल होता की नव्हता, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संघात बारा जणी असतात, मैदानात नऊ उतरतात. आंतरशालेय स्पर्धेसाठी माझी नवांत निवड झाली आणि पहिलीपासून त्याच शाळेत असलेली एक मुलगी राखीव झाली. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचं दुःख खरं होतं आणि मला ते तेव्हाही कळत होतं. स्पर्धा म्हटलं की आपण समोरच्या संघाचा विचार करतो. शाळेच्या वयात सगळ्यात जिवाला लागणारी चुरस आपल्याच संघात असते, आणि मुलांशी त्याबद्दल कुणीही बोलत नाही. यादी वाचून दाखवतात, झालं. नव्या मुलीला जागा मिळते म्हणजे कुणाची तरी जाते, हे आमच्या सरांनी दोघींना समोर बसवून सांगायला हवं होतं.

सरावात राखीव मुली पळतीला यायच्या. मी पाठलागावर असले की ती अशी काही हुलकावणी द्यायची, खांबाला असा वळसा मारायची, की माझा हात हवेतच राहायचा. स्पर्धेतल्या कुठल्याही शाळेत मला तिच्याइतकी अवघड पळणारी भेटली नाही. खांबाजवळचा सूर मला जमला तो तिला गाठण्यासाठी. एका संध्याकाळी ती माझ्या हाती लागली, तेव्हा उठता उठता म्हणाली, "डावा पाय आधी टाकतेस, म्हणून मला कळतं." निवडीनंतरचं आमचं पहिलं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी मी पाय बदलला आणि तिनं लगेच वळण बदललं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी नवांत होतो, शेजारच्या चौकांत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. सामना संपताच शेजारच्या चौकातल्या माझ्या त्या मैत्रिणीचा फोन आला. गुणांबद्दल ती बोललीच नाही. राखीव मुलींतली कोण किती वेळ खेळली, कुणाला आधी उतरवायला हवं होतं, यावरच आम्ही भांडत बसलो.