मधल्या वाटेवर

खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन: एक आमच्या अणदूरला, दुसरं नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. वर्षातला बराचसा काळ देव आमच्याकडे असतो, पौषी यात्रेला मैलारपूरला. देव न्यायचा-आणायचा तर दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. लहानपणी मला पालखीपेक्षा त्या कराराचंच अप्रूप. देवालाही कागद लागतो!

पुढे पुण्यात ग्राफिक्सच्या कामाला लागलो आणि तसलाच करार रोज करू लागलो. पडद्यावरचं चित्र त्रिकोणांचं बनतं; एकेका त्रिकोणाच्या तीन टोकांचा हिशेब व्हर्टेक्स शेडर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. आतल्या एकेका ठिपक्याचा रंग फ्रॅगमेंट शेडर ठरवतो. टोकांवरच्या किमती पहिल्यानं द्यायच्या, दुसऱ्यानं घ्यायच्या. त्यांचं नाव किंवा प्रकार जुळला नाही की प्रोग्रॅम लिंकच होत नाही. मी शिकलो तेव्हा अशा किमतीपुढे दोन्हीकडे ‘व्हेरिइंग’ लिहायचो. ओपनजीएल या ग्राफिक्सच्या प्रमाणाच्या २००८च्या ३.० आवृत्तीपासून देणाऱ्याकडे ‘आउट’ आणि घेणाऱ्याकडे ‘इन’ आलं.

करार मात्र दोन टोकांपुरता. मधली वाट ग्राफिक्स कार्ड सांभाळतं. देताना किमती तीनच, पोचताना हजारो. जो ठिपका ज्या टोकाच्या जवळ, त्याला त्या टोकाचा वाटा जास्त. एक टोक लाल, दुसरं हिरवं ठेवा; मधोमध शेवाळी पिवळा उमटतो, जो कुणी दिलाच नव्हता. आंरी गूरो यांनी १९७१ साली युटा विद्यापीठात टोकांवरची छटा अशीच आत पसरवून कोनेदार आकारांना गोलाई आणली.

या मिसळण्याची किंमतही असते. पृष्ठभागाची दिशा दाखवणारे बाण एक लांबीचे असतात. काटकोनातले दोन बाण मिसळले की मधला जेमतेम ०.७ उरतो आणि उजेड मंदावतो. म्हणून पोचल्यावर त्याची लांबी पुन्हा एक करून घ्यायची. वस्तूचा क्रमांक तर मिसळायचाच नसतो. ३ आणि ७ यांच्या मध्ये ५ नंबरची भलतीच वस्तू निघायची! तिथे ‘फ्लॅट’ लिहितात, म्हणजे एकाच टोकाची किंमत सगळीकडे जशीच्या तशी जाते.

हल्ली मी कोड लिहितो कमी, तपासतो जास्त. दोन्ही शेडर बरोबर आहेत तरी चित्र बिघडतंय, असं म्हणत पोरं येतात. मी दोन्ही शेडर बाजूला ठेवून एवढंच विचारतो, “हे वाटेत मिसळलं तर चालणारंय का?” उत्तर देता देताच बऱ्याचदा त्यांचा हात कीबोर्डकडे जातो.