यादीत वर कोण?

शिकागो, ४ डिसेंबर २०१८

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबांचा गुडघा कसा आहे? इथे वारा कानात घुसतो. लेक मिशिगन टॅक्सीतूनच पाहिला. टॅक्सीचे ३१ डॉलर, हॉटेल वेगळं. रेसिडेन्सीच्या मुलाखतींचा सगळा खर्च उमेदवाराचाच.

काकांनी ज्याचं नाव पहिलं सांगितलं होतं, ते हॉस्पिटल आज झालं. इमारत भव्य आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी माझी फाइल उघडलीच नाही. पहिला प्रश्न, “व्हिसा कोणता?” जे-वन म्हटल्यावर घड्याळ पाहिलं. जेवायला गार सँडविच. रेसिडेंट्स मोबाइल बघत खात होते, पेजर वाजला की उठून जात होते. कुठून आलीस, एवढंही कुणी विचारलं नाही. फार राग आला. घरची आठवण आली.

डेट्रॉइट, ७ डिसेंबर

आई, काल पोटभर जेवले. मुलाखतीच्या आदल्या रात्री रेसिडेंट्स उमेदवारांना जेवायला नेतात; प्रोफेसर नसतात, त्यामुळे मोकळं बोलता येतं. डिअरबॉर्नला लेबनीज हॉटेलात गेलो. मसुराचं गरम सूप, वर लिंबू पिळलेलं, अगदी तुझ्या आमटीच्या जवळचं. दोनदा घेतलं. आठवड्याला कामाच्या ८० तासांची मर्यादा खरंच पाळतात का, असं विचारलं. आयसीयूच्या महिन्यात ओढाताण होते, हे त्यांनी लपवलं नाही.

आज दुपारच्या केस चर्चेत एका इंटर्नचं निदान चुकलं. आपल्याकडे राउंडला सगळ्यांसमोर काय ऐकावं लागायचं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे प्रोफेसरांनी शांतपणे विचारलं, “तुला असं का वाटलं?” शेजारच्या मुलीने धागा पुढे नेला. इथे शिकता येईल, हे मला तिथेच कळलं.

बाबा, जिथे मिळायची खात्री ते वर लिही, असं तुम्ही म्हणालात. मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याच्या पद्धतीत, तसं करायची गरज नसते. फेब्रुवारीत आम्ही आमची यादी देतो, हॉस्पिटलं त्यांची. कंप्युटर आमच्या यादीत वरून खाली येतो. वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. ही पद्धत सुधारणाऱ्या आल्विन रॉथना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. निकाल मात्र बंधनकारक असतो, १५ मार्चला जे येईल तिथे तीन वर्षं काढायची.

म्हणून डेट्रॉइट वर, शिकागो खाली. काकांना तुम्हीच समजावून सांगा.

तुमची,
मनू