पासंग

बार्शीच्या आमच्या किराणा दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी वडील रिकाम्या तराजूकडे बघत उभे राहायचे. काटा मधोमध स्थिरावला तर ठीक, नाहीतर हलक्या पारड्याच्या बुडाला मेणानं चिंचोका चिकटवून पासंग काढायचे. लोखंडी वजनंही झिजतात, म्हणून मुदतीला वजनमापवाले यायचे आणि तपासून शिक्का मारून जायचे.

गेली वीस वर्षं मी अमेरिकेत ज्या कामात आहे, तिथेही सगळा घोर पासंगाचाच आहे. सूर्याचे मृदू क्ष-किरण आणि त्यांच्या शेजारचे अतिनीलाच्या टोकाचे किरण, आमच्या बोलण्यात ईयूव्ही, मोजणारी उपकरणं आम्ही बांधतो.

पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सूर्याची सुमारे १३६१ वॉट ऊर्जा पोचते. त्यात ईयूव्हीचा वाटा जेमतेम काही मिलिवॉट. एवढ्या चिल्लरीसाठी इतका खटाटोप कशाला, असं गावी गेलो की विचारतात. मी त्यांना स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळेची आठवण करून देतो. जुलै १९७९मध्ये ती डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावले होते. सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळला होता. या किरणांनी वरचं विरळ वातावरण तापून फुगलं, घर्षण वाढलं आणि ती प्रयोगशाळा अपेक्षेआधीच खाली आली. ११ वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा हजारात एखाद्या भागानं हलते, पण ईयूव्ही दुपटीनं बदलतं आणि मृदू क्ष-किरण त्याहून कितीतरी पटींनी. भारताच्या आदित्य-एल१ यानावरच्या सोलेक्स या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाला म्हणूनच दोन छिद्रं ठेवली आहेत, शांत सूर्यासाठी मोठं आणि भडक्यासाठी अगदी बारीक. ही साधी युक्ती मला फार आवडते.

हे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. मोजायचे तर वर जावंच लागतं. १९४९मध्ये हर्बर्ट फ्रीडमन यांनी व्ही-२ रॉकेटमधून सूर्याचे क्ष-किरण मोजले, तेव्हापासून ही वाट आहे.

उपकरणाचा जीव असतो फिल्टरमध्ये. ॲल्युमिनियमचा पापुद्रा, जाडी साधारण १५० नॅनोमीटर, निकेलच्या बारीक जाळीवर ताणलेला. मिठाईवरचा वर्ख बोट लागताच विरतो, तशीच याची गत. याच्यामागे सिलिकॉनचा फोटोडायोड. हेलियमचा ३०.४ नॅनोमीटरचा एक फोटॉन त्यात शिरला की सुमारे ११ इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि तेवढ्याशा प्रवाहावरून आम्ही वॉट काढतो. फिल्टरला डोळ्यांना न दिसणारं भोक पडलं तरी दृश्य प्रकाशाचा लोंढा आत शिरतो आणि माप बुडतं.

एकदा निर्वात पेटीत हवा सोडताना मी व्हॉल्व्ह जरा घाईनं फिरवला. आवाजसुद्धा झाला नाही. झाकण उघडलं तर नुसती जाळी उरली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. आजही तो व्हॉल्व्ह उघडताना मी हातातल्या घड्याळाकडे बघतो, आणि नव्या मुलांना सगळ्यात आधी तेच शिकवतो.

खरी झुंज मात्र वर गेल्यावर लागते. चिकटद्रव्यं, तारांची आवरणं यांतून सुटणारी सेंद्रिय वाफ फिल्टरवर बसते आणि सूर्याचे हेच किरण तिचा कार्बनचा थर करून टाकतात. ज्याच्याकडे बघायचं, त्याच्याच उजेडानं डोळ्यावर सारा येतो. आकडा महिन्यामागून महिने उतरत जातो. सूर्य निवळतोय की आपली नजर? आकड्यात दोन्ही कालवलेलं असतं. म्हणून आम्ही सुटे भाग दिवसेंदिवस निर्वातात तापवून त्यांतली वाफ आधीच काढून टाकतो. तरी थोडी उरतेच.

मग लागतो शिक्का. मेरिलंडमध्ये गेथर्सबर्गला सर्फ नावाचं इलेक्ट्रॉनांचं वर्तुळ आहे. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, त्यांचा प्रवाह आणि वर्तुळाची त्रिज्या ठाऊक असली की फिरताना त्यांतून किती प्रकाश निघेल हे थेट गणितानं ठरतं. ते आमचं मूळ वजन. फेब्रुवारी २०१०मध्ये गेलेल्या एसडीओ उपग्रहावर ईव्ह हे उपकरण आहे. त्याचं जुळं भावंड न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून रॉकेटनं वर पाठवतात. पाचेक मिनिटं दोघं एकाच वेळी एकाच सूर्याकडे बघतात. धाकटं पॅराशूटनं वाळवंटात उतरतं, पुन्हा तपासता येतं. थोरल्याच्या आकड्यात नजरेची चूक किती, ते त्यावरून कळतं. दोघांचे आकडे शेजारी मांडताना माझ्या पोटात आजही गोळा येतो.

उद्या नवा फिल्टर तपासायचा आहे. अंधाऱ्या खोलीत त्याच्यामागे प्रखर दिवा लावायचा, डोळे सरावेपर्यंत बसून राहायचं आणि त्या काळ्या चौकटीत कुठे एखादी चांदणी दिसते का, ते शोधायचं. दिसली, की तो फिल्टर बाजूला ठेवायचा.