कुठले व्होल्ट, केव्हाचे अँपिअर?

घरातल्या विजेचे साधे गणित वाचकांना समजावून सांगा, असे संपादकांनी कळवले. गणित खरोखरच साधे आहे. व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि गुणले की शक्ती, म्हणजे वॉट. २३० व्होल्टवर चालणारा २,००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर करंट घेतो आणि त्याच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहमच्या जवळपास येतो. शाळकरी मुलालाही हे जमते. चूक होते ती भागाकाराच्या आधी. व्होल्टेज कोणत्या दोन बिंदूंमधले आणि करंट कोणत्या अवस्थेतला, हे न विचारताच आकडे उचलले जातात. हे दोन प्रश्न शिकवायचे राहून जातात, आणि त्यापायी घरातल्या आगींचे कारणही आपण चुकीच्या जागी शोधतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी अवस्थेचा प्रश्न. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना ०.२६ अँपिअर करंट घेतो. भागाकार केला तर रोध ८८० ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून थंड असताना मल्टीमीटर लावला तर साठ-पासष्ट ओहमच दिसतात. मीटर बिघडलेला नसतो. पेटलेली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट वाढतो. थंड रोधावरून शक्ती काढली तर ६० वॉटच्या बल्बचे उत्तर आठशे वॉटच्या वर जाते. गेऑर्ग ओहम यांचे पुस्तक १८२७ मध्ये आले. त्याआधीच्या प्रयोगांत व्होल्टेज स्थिर राहावे म्हणून त्यांनी दोन धातूंच्या जोडाचे एक टोक बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्याच्या तापमानावर ठेवले होते. इतकी काळजी घेऊन सिद्ध केलेला नियम सांगताना आपण ‘भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट पाठ करून घेतो आणि गणित सोडवताना विसरतो. भागाकार केव्हाही करता येतो. त्यातून येणारा रोध उद्याही तेवढाच राहील, ही हमी भागाकार देत नाही.

जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे. गिझरच्या प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आहे आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आहे, असे धरू. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, हे सूत्र घेऊन तिथे २३० व्होल्ट घातले, तर त्या पिनवर एक लाख वॉटहून अधिक उष्णता निघायला हवी. हे अशक्य आहे, कारण ते २३० व्होल्ट त्या पिनवर नाहीतच. पिन आणि कॉइल एकामागोमाग जोडलेल्या आहेत. एकूण रोध २७ ओहमच्या किंचित आत, करंट साडेआठ अँपिअर, आणि सैल जोडावर पडणारे व्होल्टेज फक्त सव्वाचार. त्यांचा गुणाकार ३६ वॉट. आकडा लहान वाटतो, पण डाग देण्याची सोल्डरिंग आयर्न साधारण २५ ते ३५ वॉटची असते आणि ती टोकाशी कथील-शिशासारखे धातू सहज वितळवते. इथे तेवढीच उष्णता प्लास्टिकच्या बंद सॉकेटमध्ये अडकते. धातू काळवंडतो, ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो. रोध एक ओहम झाला की उष्णता सत्तर वॉट. वाढत वाढत तो कॉइलएवढाच झाला, तर पाचशे वॉट. त्यापुढे मात्र करंट इतका घटतो की उष्णता उतरू लागते. ‘रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते?’ हा वर्षानुवर्षांचा वाद इथे मिटतो. उत्तर सर्किटमध्ये आणखी काय जोडले आहे यावर ठरते.

आता माझ्या कायमच्या तक्रारीकडे येतो. घराला आग लागली की बातमीत ‘शॉर्टसर्किट’ ठरलेले. शॉर्टसर्किटमध्ये करंट प्रचंड वाढतो आणि चांगला एमसीबी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. सैल जोडात करंट वाढत नाही, थोडा घटतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला साडेआठ अँपिअर दिसतात; त्याच्या लेखी सगळे ठीक असते. जमिनीकडे गळती नसल्यामुळे आरसीसीबीही गप्प राहतो. जळालेल्या जागी शॉर्टसर्किटच्या खुणा सापडतात, हा आक्षेप खरा आहे. पण इन्सुलेशन जळून दोन तारा एकमेकींना भिडणे हा पुष्कळदा शेवटचा टप्पा असतो. शेवटाला सुरुवात समजले की घरमालक महाग एमसीबी बसवतो आणि सैल स्क्रू तसाच राहतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण उपाय स्क्रू-ड्रायव्हरच्या आवाक्यातला आहे.

व्यवहारात एवढी बारकाई कशाला, असेही विचारले जाते. गिझरच्या नायक्रोमचा रोध तापल्यावर फार बदलत नाही, तिथे साधे सूत्र पुरते, हे मान्य. पण तेच सूत्र शेतातल्या पंपाला लावले तर? व्होल्टेज घटले की गिझरचा करंट घटतो. भार तोच असलेल्या मोटरचा वाढतो आणि वायंडिंग तापते. शिवाय मोटरचे व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी शिखरावर नसतात, म्हणून नुसत्या गुणाकाराने खरे वॉट येत नाहीत; पॉवर फॅक्टरने गुणावे लागते.

सैल जोड शोधायलाही हेच गणित कामी येते, फक्त मोजायचे योग्य जागी. वीज बंद करून मल्टीमीटरने ओहम पाहणे फसवे ठरते. मीटरचा करंट अगदी क्षीण असतो आणि त्याच्या तारांचाच रोध आकड्यात मिसळतो. परवानाधारक वायरमन गिझर चालू ठेवून सॉकेटमागचा वायरचा स्क्रू आणि त्याच टर्मिनलची पट्टी यांच्यामधले व्होल्टेज मोजू शकतो. घट्ट जोडावर ते व्होल्टच्या अगदी छोट्या अंशात असते. तिथे चार व्होल्ट दिसले, तर त्याला साडेआठ अँपिअरने भागा: जवळजवळ अर्धा ओहम. गिझर लगेच बंद करावा, आणि काळा पडलेला सॉकेट व प्लग दोन्ही बदलावेत.