तारीख नसलेलं दुःख

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला काही गावं दोन-दोन आहेत. जुनं किल्लारी आणि नवं किल्लारी. जुनी तळणी आणि नवी तळणी. मंगरूळचं तेच, शिवेपलीकडे धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरचंही तेच. जुन्या गावठाणात चौथरे उरलेत आणि त्यांवर माजलेली झुडपं. नव्या गावात सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, घरापुढे मोकळी जागा. अशी ५२ गावं पांढरी सोडून उठली आणि दुसरीकडे बसली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून निजली होती. ६.२ तीव्रतेचा धक्का, आणि तोही दख्खनच्या पठारावर, जिथली जमीन हलत नाही असंच सगळे धरून चालले होते. जमीन काही सेकंदच हलली. माणसं मेली ती घराखाली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, दगडांच्या मधे नुसती माती, वर माळवद. पावसाळ्याच्या तोंडावर गळती नको म्हणून माळवदावर मातीचा आणखी एक थर चढवायची रीत. आजोबाने टाकलेली माती, बापाने टाकलेली माती, आपण टाकलेली माती. ती सगळी त्या पहाटे अंगावर आली. मेलेल्यांचे आकडे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत सांगतात. मला त्या आकड्यांपेक्षा ती माती जास्त आठवते. घर टिकावं म्हणून प्रेमानं चढवलेली होती ती.

मग मदत आली, आणि ती उदंड आली, हे म्हटलंच पाहिजे. लष्कर आलं, देशभरातून ट्रक आले, भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. जागतिक बँकेच्या कर्जातून घरं उभी राहिली. ज्याचं जे गेलं ते मोजून परत करायचा प्रयत्न झाला: इतके चौरस फूट, इतकी भांडी, इतकी जनावरं. मोजता न येणारं कुणाच्या रकान्यात बसलं नाही.

जुन्या गावात भिंतीला भिंत होती. या घरातली फोडणी त्या घरातल्या नाकात जायची, भांडण झालं तर चार घरांना आपोआप साक्षीदार व्हावं लागायचं. नवी गावं नगररचनाकारांनी ऐसपैस आखली. घर पडलं तर शेजारच्यावर पडू नये, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. पण शेजारीण दिसायला लागली आणि ऐकू यायची थांबली. ज्या बाईचं सगळं गेलं, तिच्या वाट्याला रुंद रस्ता आला. कित्येक माणसं पक्क्या घरात सामान ठेवून वर्षानुवर्षं बाहेर पत्र्याखाली निजत राहिली. स्लॅबखाली डोळा लागत नसे.

डॉ. मोहन आगाशे लोकांना नट म्हणून ठाऊक. ते मनोविकारतज्ज्ञ आहेत हे पुष्कळांना उशिरा कळतं. त्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेची माणसं या भागात आली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास झाला. आपत्तीनंतर मनाकडेही बघायचं असतं, ही गोष्टच तेव्हा आपल्याकडे नवी होती. गावातल्या बायकांनी त्यांना काय सांगितलं असेल ते मला बसल्याजागी ऐकू येतं, कारण तेच शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. मन लागंना. अन्न गोड लागंना. छातीवर धोंडा ठेवल्यावानी होतंय. झोप यीना, आली तर उठू वाटंना.

हे सगळं मी लांबून लिहिते आहे, कारण माझं घर पडलं नव्हतं. मी लातूर शहरातली. त्या पहाटे आमच्या ओट्यावरच्या डब्यांची झाकणं वाजली, एवढंच. आणि पुष्कळ वर्षांनी, नोकरी असताना, घरात कुणी आजारी नसताना, कर्जाचा हप्ता वेळेवर जात असताना, मला उठू वाटंना झालं.

आमच्याकडे दुःखाला कारण लागतं. ते दाखवावं लागतं, जमलं तर तारखेसकट. भूकंप असेल तर समजतं. दुष्काळ समजतो, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमचं दुःख दिल्लीलाही समजलं. सोयाबीनचा भाव पडला, बोअर आटली, पोराला नीटमध्ये मार्क कमी पडले, हे सगळं समजतं. पण सगळं जागेवर असताना सकाळी डोळे उघडले की दिवसाचं ओझं अंगावर येतं आणि दात घासायलाही बळ राहत नाही, हे कुणाला कसं सांगायचं? जिल्ह्यात इतकी माणसं इतकं सोसून बसलेली असताना आपण कशाच्या जिवावर रडायचं? नैराश्याचा आजार स्वतः जेवढा छळतो, त्याच्या निम्मं तरी ही लाज छळते. आणि लाज माणसाला दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊ देत नाही.

मी गेले, खरं म्हणजे नेली गेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की दोन-चार आठवडे काही फरक वाटणार नाही, तरी सोडायच्या नाहीत. या गोळ्यांची सवय लागते असं घरीदारी सांगतात, तसं नसतं, हेही सांगितलं. मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सकाळ जड जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं, हे मी चाचरत सांगितलं तर ते म्हणाले, या आजाराची चालच तशी आहे. मला फार बरं वाटलं. माझ्या आळसाला काही चाल असेल असं मला वाटलंच नव्हतं.

गोळ्यांनी तळ पायाला लागला. पुढचं मला मावशीने दिलं, आणि हे मृत्युलेखासारखं जे काही मी लिहिते आहे ते मुळात तिच्यासाठी आहे.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. औसा तालुक्यातल्या, उठलेल्या गावांपैकी एकातली. त्या पहाटे तिची दोन लेकरं गेली.   आई सांगायची की त्यानंतर ती बोलायची थांबली. रडलीही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तोंड भिंतीकडे करून पडून असायची. तिला तेव्हा कुणी गोळ्या दिल्या नाहीत, आणि द्यायला हव्या होत्या, असं मला आता ठाम वाटतं. तिचं सोसणं थोर होतं असं म्हणून मी ती उणीव झाकणार नाही.

तिला उठवलं ते एका कामाने. भूकंपात पूर्ण न पडलेल्या, तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम सरकारने काढला होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांनी, त्यात लातूर-धाराशिवच्या गावांमधल्या बायकांना ओढलं. गावोगाव एकेक बाई ‘संवाद सहायक’ नेमली. तिने घरोघर जायचं, लोकांना योजना समजावायची, मिस्त्री काम नीट करतोय का बघायचं. मावशीला कुणीतरी त्या कामात घातलं. का घातलं, देव जाणे. बहुधा गावात वाचता येणाऱ्या बायका फार नव्हत्या.

आता हे काम बघा काय होतं. जुन्या दगडी भिंतीत दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा, आणि मधे नुसता भराव. धक्का बसला की दोन्ही पदर फाकतात आणि भिंत फुटते. म्हणून भिंतीत आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. कोपरे जाळी मारून बांधायचे. जिची लेकरं मातीखाली गेली, ती बाई दुसऱ्यांच्या माळवदावर चढून माती किती उतरली ते बघत होती, आणि कमी उतरली असेल तर मिस्त्र्याच्या तोंडावर ‘आणखी काढ’ म्हणत होती. पहिले शब्द तिच्या तोंडून ते निघाले, असं आई सांगायची. लेकरांविषयी नाहीत. मातीविषयी.

२००१च्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला तेव्हा या भागातल्या बायका तिकडे गेल्या होत्या. मावशी गेली नाही, तेव्हा तिची सासू अंथरुणाला होती. तिला त्याचं वाईट वाटत राहिलं. ज्या गेल्या त्यांना गुजराती येत नव्हतं. पण आपणही ढिगाऱ्यातून उठलो आहोत, एवढं सांगायला त्यांना भाषा आडवी आली नसणार.

मी आजारी असताना आई मला मावशीकडे ठेवून आली. तिने मला एकदाही विचारलं नाही की तुला झालंय तरी काय. शहरात प्रत्येकजण तेच विचारत होता. मावशी सकाळी यायची, उशाशी उभी राहायची आणि म्हणायची, “काय करलालीस? ऊठ की. शेंगा फोडायच्यात.” मी म्हणायचे, मला जमणार नाही. ती म्हणायची, “मग पडून फोड.” आणि सूप माझ्या पोटावर ठेवून निघून जायची.

मी पडून शेंगा फोडल्या. आनंद झाला असं मुळीच नाही. पण संध्याकाळी त्या दाण्यांचा कूट भाजीत पडला आणि माणसं जेवली. मन आधी उभारी धरेल आणि मग हात हलतील, अशी मी वाट बघत होते. मावशीच्या घरी मनाला कुणी विचारलंच नाही. हात आधी हलले. मन मागून आलं, रडतखडत, काही दिवस आलंच नाही. मानसोपचारातही हल्ली याच क्रमाने जातात, आधी छोटी कृती, मग भावना. मावशीला तिच्या माळवदावर कळलं ते पुस्तकांनीही लिहिलं आहे, म्हणून मला पुस्तकांविषयी आदर वाटतो.

लातूरच्या ट्यूशन एरियातून जाताना जागोजागी ‘सकारात्मक विचार करा’ अशा पाट्या दिसतात. माझा त्या पाट्यांवर राग आहे. ज्याचं मन चालत नाही त्याला मनाने चालून ये म्हणायचं, हा कुठला न्याय? तिथे खोल्या घेऊन राहणाऱ्या, नांदेड-परभणी-बीडहून आलेल्या पोरांतली काही माघारी गेली नाहीत. बांधावरून घरी परतले नाहीत असे शेतकरीही या मातीत पुष्कळ झाले. त्यांच्याविषयी मला शहाणपणाचं काही बोलायचं नाही. त्यांना कुणाच्या प्रेरणादायी गोष्टीत बसवू नये. त्यांना हाक मारायला कुणी उशाशी उभं असतं, त्यांना दवाखाना जवळ असता, तर ती आज असती. २०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई दारात येऊन झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारतात. २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी भिंतीवर लिहून ठेवते. पाट्यांपेक्षा बरा.

माझा आजार गेला असं मी म्हणत नाही. तो येतो-जातो. दोन पावसाळ्यांच्या मधे सहसा शांत असतो, मग एखाद्या सकाळी पुन्हा छातीवर बसतो. आता मी त्याला कारण विचारत नाही आणि तारीखही. गोळी घेते, आणि घरात कोणतं काम माझ्यावाचून अडलंय ते बघते. अडलेलं काम नसेल तर शेजारणीचं शोधते. मावशीच्या लेकरांचं दुःखही कधी गेलं नव्हतं. म्हातारपणी ती त्यांची नावं घेऊ लागली, रोजच्या बोलण्यात, म्हशीच्या रेडकाला हाक मारावी इतक्या सहज. माझ्या मते तिला सापडलं ते एवढंच: दुःखाची नावं घेत-घेत दिवसभर काम करता येतं.

गेल्या वर्षी ती गेली. घरातच गेली, स्लॅबखाली, झोपेत.

यंदाची येळवस तिच्याविना झाली. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात, कडब्याची कोप करून, चुन्याने रंगवलेल्या पांडवांपुढे बसलेले. बाजरीचे उंडे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, माठात आंबिल. ओळखीचा असो-नसो, बांधावरून जाणाऱ्याला जेवू घालायचं ही रीत. आंबिल यंदा मी केली होती आणि ती जरा जास्तच आंबली, हे सगळ्यांनी मोकळेपणी सांगितलं. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा, नीटची तयारी करणारा नांदेडकडचा पोरगा गेले काही आठवडे मेस चुकवत होता, दिवे लावून जागाच असायचा. त्याला काही न विचारता सोबत आणलं होतं. तो जेवला, दोनदा भज्जी घेतली आणि बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. उठताना मावशीच्या मागे राहिलेल्या मुलाला म्हणाला, “काका, उद्या पण असतंय का कुणी शेतात?”

“उद्या तूर काढायचीय. येतोस?”

“मला विळा धरता येत नाही.”

“मग पेंढ्या बांध. अन् आईला आधी फोन कर बाबा, न्हाईतर ती म्हणल, शिकायला पाठवलं लातूरला अन् हे लोक पोराला तूर काढायला लावलालेत.”