वैराग्य नव्हे

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा ही ‘दक्षिण काशी’. तेथे वृद्ध मनुष्य मौन धरून बसला की लोक त्यास विरक्त ठरवून मोकळे होतात. आमचे काका नित्य केदारेश्वराच्या दर्शनास जाणारे. कंपवात जडल्यावर त्यांनी तेही सोडले, आणि गावाने हात जोडले! आम्हांस हे वैराग्य पटत नाही. वैराग्यात इच्छेचा त्याग असतो. येथे इच्छाच उठत नाही. जेम्स पार्किन्सनने १८१७ च्या निबंधात या व्याधीत बुद्धी शाबूत राहते असे लिहिले. परंतु मेंदूतील डोपामिन घटले म्हणजे हातापायांबरोबर उमेदही मंदावते, हे पुढे कळले. हा आळस नव्हे. खिन्नताही नव्हे, कारण खिन्न मनुष्यास दुःख असते, काकांस तेही नव्हते. लेव्होडोपाने अंग पुष्कळ सैल झाले, औदासीन्य मात्र हलेना. त्यावर खात्रीचे औषध अद्याप नाही. ठरलेली वेळ, लहानसे काम आणि सोबतीस माणूस, एवढाच डॉक्टरांचा उपाय. म्हणून काकू “येता का?” असे विचारीतच नाहीत. पाच वाजता चपला पुढे ठेवतात आणि “चला” म्हणतात. काका निघतात. परवा नदीकाठी ते आपण होऊन म्हणाले, “बॅरेजची दारे उघडलेली दिसतात.” काकूंनी ही वार्ता आम्हांस दोनदा कळविली.